नाव, नाद आणि अर्थ : लॅटिन वळणाच्या लोकप्रिय गीतांची शीर्षके

१

मराठी गीतपरंपरेत गीताला स्वतंत्र नाव देण्याची गरज क्वचितच भासली. अभंग, पद, लावणी, भावगीत, चित्रपटगीत ही सारी आपापल्या पहिल्या चरणाने अथवा ध्रुपदाने ओळखली जातात. कवितेचे तसे नाही. केशवसुतांच्या 'तुतारी'च्या काळापासून शीर्षक हे आधुनिक कवितेचे स्वाभाविक अंग ठरले. पुढे मर्ढेकरांनी 'काही कविता' (१९४७) मध्ये शीर्षकांऐवजी क्रमांक योजले, तेव्हा तो नकारही अर्थपूर्ण वाटला. कारण शीर्षकाची अपेक्षा वाचकाच्या मनात तोवर रुजलेली होती. पाश्चात्त्य लोकप्रिय गीताची स्थिती या दोहोंहून निराळी आहे. छापील स्वरलिपी, ध्वनिमुद्रिकेची चकती, नभोवाणी, विक्रीची कोष्टके या सर्व ठिकाणी ते एका नावाने वावरते, म्हणून त्याला कवितेसारखे शीर्षक लागते. पण हेच नाव बहुधा ध्रुपदातही गायिले जाते, म्हणून ते पदाच्या पहिल्या चरणासारखे गीताच्या अंगभूतही असते. झेरार जेनेत याने १९८७ च्या आपल्या ग्रंथात शीर्षकाची गणना संहितेच्या उंबरठ्यात केली. लोकप्रिय गीतात हा उंबरठा माजघरात असतो, आणि ऐकणारा तो एका गीतात अनेकदा ओलांडतो.

हे दुहेरी स्थान लॅटिन वळणाच्या गीतात विशेष गुंतागुंतीचे होते. 'लॅटिन वळणाचे गीत' या पदाने येथे दोन प्रकारची गीते अभिप्रेत आहेत : उत्तर अमेरिकेतील वा युरोपातील गीतकारांनी बोलेरो, मांबो, बोसा नोव्हा, साल्सा, फ्लामेंको यांच्या लयी व वाद्ये उसनी घेऊन रचलेली, आणि स्पॅनिश वा पोर्तुगीज भाषक गीतकारांची, परंतु आपल्या भाषेबाहेरच्या श्रोत्यापर्यंत गेलेली. दोहोंतही नाव देणाऱ्यासमोर एकच प्रश्न असतो. शब्द कोणत्या भाषेचा घ्यावा, आणि तो कळावा म्हणून घ्यावा की केवळ ऐकू यावा म्हणून?

या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. एक असे की, असे नाव म्हणजे मालावरची चिठ्ठी. समुद्रकिनारा, उष्ण हवा, शृंगार यांचे आश्वासन देणारा एखादा परका शब्द पुरेसा असतो. दुसरे असे की, नाव हा शुद्ध नादाचा व्यवहार आहे; स्वरान्त शब्द गळ्याला सोयीचे असतात, म्हणून ते निवडले जातात. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण त्यांनी चांगले नाव आणि सामान्य नाव यांतील भेद उलगडत नाही. तो भेद हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

रोलाँ बार्त याने १९६४ च्या एका निबंधात पांझानी या शेवयांच्या जाहिरातीचे विश्लेषण केले. त्या नावाच्या उच्चारातून फ्रेंच ग्राहकाला एक सर्वसाधारण 'इटालियनपणा' जाणवतो. इटालियन माणसाला मात्र तो फारसा जाणवणार नाही, कारण त्याच्या लेखी ते केवळ एक आडनाव आहे. या निरीक्षणाचा गीतांच्या नावांशी थेट संबंध पोहोचतो. 'ला इस्ला बोनीता' हे शब्द स्पॅनिश भाषकाला 'सुंदर बेट' एवढेच सांगतात, आणि ते वर्णन जवळजवळ बाळबोध आहे. इंग्रजी श्रोत्याला त्यातून बेट कळत नाही, पण 'लॅटिनपणा' कळतो. म्हणजे या नावाचा वाच्यार्थ एका श्रोत्याकडे जातो आणि व्यंग्यार्थ दुसऱ्याकडे. व्यंजना वाच्यार्थाच्या आधारावर उभी राहते असे भारतीय साहित्यशास्त्र सामान्यतः मानते. येथे मात्र वाच्यार्थ हाती नसतानाच व्यंजना घडते.

नावांचे वर्गीकरण करण्यासाठी पतंजलीने सांगितलेली आणि पुढे मम्मटाने स्वीकारलेली शब्दप्रवृत्तीची चतुर्विध विभागणी उपयोगी पडते. जातिवाचक नावे : 'एल मानिसेरो' (शेंगदाणे विकणारा), 'कोंगा', 'सेन्योरीता'. गुणवाचक : 'स्मूद', आणि क्रियाविशेषण असूनही गुणाच्या जवळ जाणारे 'देस्पासितो'. क्रियावाचक : 'बेसामे मूचो', 'बायलामोस', 'स्वे'. यदृच्छाशब्द, म्हणजे विशेषनामे : 'फर्नांदो', 'माकारेना', 'कोपाकाबाना', 'हॅवाना'. पेरेस प्रादोच्या 'मांबो नंबर ५' सारखे नाव या चौकटीत नीटसे बसत नाही. जेनेतच्या परिभाषेत ते विषयाचे नव्हे, तर कृतीच्या प्रकाराचे नाव आहे. लू बेगाने १९९९ मध्ये हीच धून घेऊन तीवर स्त्रियांच्या नावांची यादी गायिली, ती जणू प्रकारवाचक शीर्षकाची उणीव विशेषनामांनी भरून काढण्यासाठीच.

वर्गीकरण हे काही मूल्यमापन नव्हे. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते : परभाषेत गेल्यावर या चारही वर्गांतील शब्द एकाच वर्गात जमा होतात. भाषा न जाणणाऱ्याला 'बोनीता' हा गुण, 'बायलामोस' ही क्रिया आणि 'माकारेना' ही व्यक्ती असा भेद करता येत नाही. त्याच्या दृष्टीने सारेच यदृच्छाशब्द, केवळ ठेवलेली नावे. लॅटिन वळणाच्या गीताला नाव देणाऱ्याची खरी अडचण येथे आहे. त्याने अर्थपूर्ण शब्द निवडला तरी अर्ध्या श्रोत्यांच्या कानी तो निरर्थक नाद म्हणूनच पडणार.

३

ही अडचण जुनी आहे. क्यूबाच्या मोइसेस सिमोन्स याचे 'एल मानिसेरो' १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कला पोहोचले ते 'द पीनट व्हेंडर' या इंग्रजी नावाने. त्यानंतरच्या तीन दशकांत मेक्सिको, क्यूबा आणि ब्राझील येथील कितीतरी गीतांना इंग्रजी शब्द मिळाले, आणि प्रत्येक वेळी शीर्षकापाशी अनुवादकाला निर्णय करावा लागला. हे निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

कोन्सुएलो वेलास्केसच्या 'बेसामे मूचो'चे (१९४०) नाव सनी स्कायलरने इंग्रजी रूपांतरात तसेच ठेवले. 'मला खूप चुंब' असा त्याचा अर्थ. तो इंग्रजीत आणणे मुळीच कठीण नव्हते. परंतु मूळ पाच अक्षरांत पहिल्या व चौथ्या अक्षरावर आघात आहे आणि शेवटी एक आघातरहित, स्वरान्त अक्षर हलकेच खाली येते. इंग्रजी प्रतिशब्द घेतले तर अक्षरे चार होतात, आणि शेवट व्यंजनावर, आघातासह, आपटतो. उलट ओस्वाल्दो फार्रेसच्या 'किसास, किसास, किसास'चे (१९४७) जो डेव्हिसने 'परहॅप्स, परहॅप्स, परहॅप्स' केले. 'किसास' मध्ये दोन अक्षरे आणि आघात दुसऱ्यावर. 'परहॅप्स' मध्येही तसेच. अर्थ, अक्षरसंख्या आणि आघात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळण्याचा असा योग दुर्मीळ असतो, आणि अनुवादकाने तो ओळखला.

स्पॅनिश भाषेत स्वरान्त शब्दाचा आघात सामान्यतः उपान्त्य अक्षरावर पडतो. परक्या श्रोत्यांत मूळ रूपात टिकलेली नावे पाहिली तर ती बहुतेक याच घडणीची आढळतात : मूचो, बोनीता, लोका, फर्नांदो, माकारेना, देस्पासितो. अन्त्याघाती नावांना मात्र इंग्रजी वेश चढवला गेला असे दिसते. हा नियम नव्हे, कल आहे. 'एल मानिसेरो' उपान्त्याघाती असूनही अनुवादित झाले. आल्बेर्तो दोमिंगेस याचे 'फ्रेनेसी' अन्त्याघाती असूनही टिकले, बहुधा इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊ असल्यामुळे. म्हणजे नादाबरोबर ओळखही काम करते. नादवादी उत्तर अपुरे ठरते ते येथे.

आघातांचा मेळ बसत नाही तेव्हा काय घडते? लुईस देमेत्रिओ आणि पाब्लो बेल्त्रान रुईस यांच्या 'क्येन सेरा' (१९५३) या नावात 'कोण असेल ती' हा प्रश्न आहे. पुन्हा प्रेम करता येईल की नाही, हा संशय त्यामागे आहे. नॉर्मन गिम्बेलने १९५४ मध्ये त्याचे 'स्वे' केले. डोलणे. प्रश्नाच्या जागी क्रिया आली, एकाकी माणसाच्या जागी नाचणारे जोडपे आले. आगुस्तीन लाराच्या 'सोलामेंते ऊना बेस' (फक्त एकदाच) या नावाचे रे गिल्बर्टच्या हातून 'यू बिलाँग टू माय हार्ट' झाले. एकदाच घडणाऱ्या प्रीतीचे गांभीर्य जाऊन मालकीची ग्वाही आली. ही इंग्रजी गीते वाईट आहेत असे नव्हे. 'स्वे' तर आपल्या परीने निर्दोष आहे. परंतु शीर्षक बदलले की गीताचा प्रश्नच बदलतो, हे त्यांवरून कळते.

सर्वांत बोलके उदाहरण ब्राझीलचे आहे. जोबीम आणि विनिसियुस दे मोरायस यांच्या 'शेगा दे सौदादे'ला (१९५८) इंग्रजीत 'नो मोअर ब्लूज' असे नाव मिळाले. 'सौदादे' हा पोर्तुगीज शब्द गोव्यातील जुन्या पिढीच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. दूर गेलेल्याची ओढ आणि त्या ओढीतील गोडवा असे दोन्ही भाव त्यात मिसळले आहेत. त्याला इंग्रजी प्रतिशब्द शोधण्याऐवजी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतात घडलेला 'ब्लूज' हा शब्द ठेवला गेला. दोन्ही शब्द आपापल्या संगीतसंस्कृतीचे गर्भशब्द आहेत. दोन्हींचा अनुवाद होत नाही. एका अनुवाद न होणाऱ्या शब्दाच्या जागी दुसरा तसाच शब्द बसविणे हा हुशार उपाय होता. परंतु ब्लूजमध्ये ती गोडी नाही, आणि त्यासाठी सौदादेची वाट बंद करावी लागली. त्याच जोबीमच्या 'कोर्कोवादो' या गीताचे नाव रिओच्या डोंगराचे. इंग्रजीत ते शांत रात्री आणि शांत तारे यांचे वर्णन झाले. डोंगर नाहीसा झाला, वातावरण तेवढे उरले.

४

नाव केव्हा सुचते, यावरही बरेच अवलंबून असते. येथे तीन क्रम संभवतात.

पहिल्या क्रमात नाव आधी येते. बॅरी मॅनिलो आणि ब्रूस सस्मन हे रिओ येथील कोपाकाबाना हॉटेलात असताना, 'कोपाकाबाना' नावाचे गीत आजवर कोणी लिहिले आहे काय, असा प्रश्न त्यांच्या बोलण्यात निघाला. त्यातून, जॅक फेल्डमनच्या सहकार्याने, १९७८ चे गीत घडले. नाव हातात, आणि त्याला शोभेल असे कथानक शोधायचे. दुसऱ्या क्रमात धून आधी येते. पॅट्रिक लिओनार्ड आणि ब्रूस गाइच यांनी केलेली एक शब्दहीन धून मॅडोनाकडे आली आणि तिने शब्द लिहून तिचे 'ला इस्ला बोनीता' केले. स्वीडनच्या आबा गटाने 'फर्नांदो'ची धून 'टँगो' या कामचलाऊ नावाने बांधली. तिला आधी स्वीडिश शब्द मिळाले ते प्रेमभंगाच्या सांत्वनाचे. १९७६ च्या इंग्रजी रूपात तीच धून दोन वृद्ध सैनिकांच्या युद्धस्मृतीची झाली. आशय पूर्णपणे बदलला, 'फर्नांदो' हे नाव मात्र टिकले. यदृच्छाशब्दाचे सामर्थ्य आणि त्याचा पोकळपणा ही दोन्ही यातून एकदम दिसतात.

तिसरा क्रम फेरबदलाचा आहे आणि समीक्षकाला तो सर्वांत उपयुक्त, कारण टाकलेले नाव आणि ठेवलेले नाव यांची तुलना तेथे करता येते. कार्लोस सान्तानाने १९९९ मध्ये गाजवलेले 'स्मूद' हे मुळात ईताल शूर याने 'रूम सेव्हन्टीन' या नावाने रचले होते. हॉटेलच्या खोलीचा तो क्रमांक कथानकाचे आश्वासन देतो, आणि शृंगाराला बंद दाराआड नेतो. रॉब थॉमसने शब्द नव्याने लिहिल्यावर आलेले 'स्मूद' हे नाव कथा सांगत नाही. ते गिटारच्या स्वराचा गुण सांगते. लॅटिन ढंगाच्या या गीताला लॅटिन नाव द्यावेसे कोणाला वाटले नाही, हेही महत्त्वाचे. तो ढंग वाद्यमेळात आणि मधल्या चरणांत इतका स्पष्ट होता की नावाने तो पुन्हा घोषित करण्याची गरज उरली नव्हती. नाव नेहमी गीताचा ढंग सांगतेच असे नाही. काही वेळा तो सांगण्याचे टाळून ते गीताला मोकळे करते.

आबाच्याच दुसऱ्या एका गीताचे आधीचे रूप 'इन द आर्म्स ऑफ रोसालिता' असे होते. ते १९७९ मध्ये 'चिकितीता' म्हणून प्रसिद्ध झाले. रोसालिता ही एक व्यक्ती. 'चिकितीता' म्हणजे चिमुकली पोर, आणि तेही दुहेरी लघुत्वदर्शक प्रत्यय लावून. गीत दुःखी मैत्रिणीची समजूत घालणारे आहे. लाडाने हाक मारणे हीच त्याची कृती. म्हणून व्यक्तिनामापेक्षा संबोधन योग्य ठरले. या नावाचा अर्थ न कळणाऱ्यालाही त्यातील लागोपाठच्या ऱ्हस्व, टिचक्या मारणाऱ्या अक्षरांतून लहानपणाचा भास होतो. नाद अर्थाची खूण पुरवू लागतो, तो असा.

५

विशेषनामाला अर्थ नसतो, असे तर्कशास्त्र सांगते. पण त्याला इतिहास असतो, आणि गीतकाराच्या हाती तो कळत-नकळत येतो. 'कोपाकाबाना' हे मुळात बोलिव्हियातील तितिकाका सरोवराकाठच्या गावाचे नाव. तेथील मेरीमातेचे देवस्थान प्रसिद्ध आहे. तिच्या नावाचे छोटे देऊळ रिओच्या किनाऱ्यावर उभे राहिले आणि त्यावरून त्या वस्तीला नाव मिळाले. वस्तीच्या कीर्तीवरून १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या एका रात्रक्लबला ते मिळाले, आणि क्लबवरून गीताला. सरोवरापासून चकतीपर्यंतच्या या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर नावातील पूर्वीचा अर्थ गळत गेला आणि नाद मात्र कायम राहिला.

गीत म्हणून 'कोपाकाबाना' सामान्यतः हलकेफुलके मानले जाते. त्याच्या कथानकाकडे पाहिले तर ते मत बदलावे लागते. नर्तकी लोला, तिचा प्रियकर टोनी, धनाढ्य रिको; मारामारी, गोळी; आणि तीस वर्षांनंतर त्याच जागी, जी आता डिस्को झाली आहे, जुन्या पोशाखात बसलेली, भान हरपलेली लोला. शेवटच्या ध्रुपदात नाव तेच येते, पण जागा ती राहिलेली नसते. नाव टिकते आणि ज्याला नाव दिले ते टिकत नाही, हा या गीताचा विषय आहे. आणि ज्या शब्दाचा सारा इतिहासच असा आहे, तो शीर्षकासाठी निवडला गेला आहे. कर्त्यांना तो इतिहास ठाऊक होता की नाही हा प्रश्न गौण आहे. संहितेत ती संगती आहे.

'माकारेना'ची कथा समांतर असूनही तिचा निष्कर्ष वेगळा. सेव्हिलजवळच्या लोस देल रिओ या जोडीने १९९२ मध्ये काराकास येथे एका नर्तकीला पाहून ध्रुपद उत्स्फूर्तपणे रचले, त्यात नाव होते मागदालेना. त्या नावाचे दुसरे गीत आधीच प्रचारात असल्याने पुढे 'माकारेना' आले. माकारेना ही सेव्हिलची जुनी वस्ती, आणि तेथील आशामातेची मूर्ती शहराचे दैवत; त्यावरूनच मुलींची नावे ठेवली जातात. बायबलमधील मागदालेनाशी जुन्या परंपरेने पतितेची आणि पश्चात्तापाची कथा जोडली आहे. गीतातील मुलगी तर प्रियकर सैन्यात शपथ घेत असताना त्याच्या मित्रांबरोबर हिंडते. मागदालेना हे नाव राहिले असते तर ते गीतावरचे भाष्य ठरले असते, आणि नीतिपर ठरले असते. माकारेना हे नाव आल्याने ती गल्लीतली, ओळखीची, दैवताच्या नावाची तरीही खट्याळ मुलगी झाली. आंदालुसियन विनोदाचा सारा रंग त्या विसंगतीत आहे. मायामीत इंग्रजी कडवी जोडून तयार झालेले रूप १९९६ मध्ये अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत १४ आठवडे अग्रस्थानी राहिले. तेव्हा जगभर ते नाव एका कवायतवजा नृत्याचे नाव झाले. वस्ती, दैवत, विनोद यांपैकी काहीही पलीकडे पोहोचले नाही. नाव उत्तम होते. परंतु त्याचे उत्तमपण केवळ घरच्यांसाठी होते.

६

येथे नैतिक प्रश्न उपस्थित होतो. शब्द कोणाचा, आणि तो वापरताना त्यातून काय वजा झाले?

डेस्मंड चाइल्ड आणि रोबी रोसा यांनी रिकी मार्टिनसाठी रचलेले 'लिव्हिन ला विदा लोका' (१९९९) हे नाव अर्धे इंग्रजी, अर्धे स्पॅनिश आहे. 'विदा लोका', म्हणजे वेडे आयुष्य, हा शब्दप्रयोग अमेरिकेतील मेक्सिकनवंशीयांच्या वस्त्यांत टोळीजीवनासाठी रूढ होता. लुईस रॉड्रिगेसने १९९३ च्या आपल्या आत्मकथनाच्या उपशीर्षकात तो याच अर्थाने घेतला. त्याच वर्षीच्या ॲलिसन अँडर्सच्या चित्रपटाच्या नावातही तो आला. तेथे वेडेपणा म्हणजे अकाली मरण, तुरुंग, हरवलेले तारुण्य. गीतात तो एका मोहक, बेबंद स्त्रीच्या रात्रींचा वेडेपणा झाला. कुन्तकाने रूढ शब्दाच्या प्रसिद्ध अर्थावर नवा अर्थ चढविण्याला रूढिवैचित्र्यवक्रता म्हटले आहे. पण त्या वक्रतेत जुना अर्थ नव्याच्या मागे उभा असतो. येथे तो पुसला गेला. नाव म्हणून ही रचना कमालीची चपळ आहे. दोन भाषांचा सांधा एका श्वासात पार होतो, आणि दोन भाषांत जगणाऱ्या समाजाच्या बोलण्याची ती खरी लकब आहे. या चपळाईची किंमत मात्र त्या शब्दाच्या मूळ मालकांनी मोजली.

कामिला काबेयोच्या 'हॅवाना'त (२०१७) हाच प्रश्न अधिक सूक्ष्म रूपात दिसतो. गायिका त्याच शहरात जन्मलेली. तरीही शीर्षकात आले ते शहराचे इंग्रजी नाव. स्पॅनिशमध्ये आरंभीचा 'ह' उच्चारला जात नाही. हे परकेपण म्हणावे की प्रामाणिकपणा? गीतातील मन दोन गावांत विभागलेले आहे. बालपणीच जन्मगाव सोडून इंग्रजीत वाढलेल्या मुलीला ते गाव इंग्रजी नावानेच आठवावे, यात स्थलांतरिताचे सत्य आहे. 'ला आबाना' म्हटले असते तर ते अधिक अस्सल दिसले असते आणि कमी खरे ठरले असते. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेने हे उदाहरण लक्षात घ्यावयास हवे.

७

कुन्तकाने प्रबंधवक्रतेच्या विवेचनात कृतीच्या नावाचाही विचार केला आहे. 'अभिज्ञानशाकुन्तल', 'मुद्राराक्षस' ही नावे त्याला वक्र, म्हणून सुंदर वाटतात. कारण कथेचे मर्म ज्या वस्तूत साठले आहे, ती खुणेची वस्तू नावातच गुंफलेली आहे. 'शिशुपालवध' सारख्या सरळ नावाला तो हे श्रेय देत नाही. म्हणजे त्याच्या मते नाव केवळ निर्देश करीत नाही. कृतीत जे घडते, त्याचे ते बीज असते. लोकप्रिय गीताला ही कसोटी लावणे अनाठायी वाटेल. पण एका गीताने ती पार केली आहे.

लुईस फोन्सी आणि पनामाची गीतकार एरिका एंडर यांच्या 'देस्पासितो'चे (२०१७) बीज म्हणजे हा एकच शब्द. फोन्सीच्या मनात तो आधी आला आणि गीत त्याभोवती वाढले. 'देस्पासिओ' म्हणजे हळू. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की 'हळू'चा लाडिक 'हळूच' होतो. क्रियाविशेषणाला असा प्रत्यय लावण्याची सवय अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये विशेष आहे. मराठीत ते काम 'च' सारखे अव्यय करते. हा शब्द गीताचा विषय सांगत नाही, रीत सांगतो. आणि तो येतो तेव्हा संगीत त्याचे ऐकते : ध्रुपदाच्या तोंडाशी ताल क्षणभर रोखल्यासारखा होतो आणि शब्दाची अक्षरे सुटी होऊन उतरतात. स्पॅनिश न जाणणाऱ्यालाही त्या थबकण्यातून 'हळू' कळते. येथे वाच्यार्थ एका श्रोत्याकडे आणि व्यंग्यार्थ दुसऱ्याकडे अशी फाळणी होत नाही. जाणकार श्रोत्याला जे शब्दातून मिळते, तेच अजाण श्रोत्याला लयीतून मिळते. २०१७ मध्ये हे गीत बिलबोर्डच्या यादीत १६ आठवडे अग्रस्थानी राहिले, आणि त्याच्या इंग्रजी शब्द मिसळलेल्या रूपातही ध्रुपद व नाव स्पॅनिशच राहिले. त्या यशाला जस्टिन बीबरच्या नावाचा हातभार लागला हे उघड आहे. पण त्यालाही तो शब्द बदलावा लागला नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

आरंभी उपस्थित केलेल्या भेदाचे उत्तर यात सापडते. सामान्य नाव अजाण श्रोत्याला लॅटिनपणाचे आश्वासन देऊन थांबते. ते चिठ्ठीच असते. 'माकारेना'सारखे नाव जाणत्याला भरभरून देते आणि अजाणाला केवळ नाद. 'विदा लोका'सारखे नाव अजाणाला रिझविताना जाणत्याकडून काही काढून घेते. चांगले नाव दोघांशी करार करते : गीताच्या घडणीतच अर्थाकडे नेणारी वाट ठेवून, न कळलेला शब्द ऐकता ऐकता कळेल अशी सोय करते. नाद येथे अर्थाचा पर्याय नसतो, त्याचा वाटाड्या असतो.

८

या चर्चेचा मराठी वाचकाशी असलेला संबंध केवळ तौलनिक नाही. सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराने चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांच्या साथीने 'अलबेला'सारख्या (१९५१) चित्रपटांत लॅटिन लयी मुंबईत रुजविल्या. तेथे ढंग बोंगोत आणि ट्रंपेटमध्ये होता. गीतांना वेगळे नाव देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मुखडा हेच नाव. लॅटिनपणाची चिठ्ठी लावण्याची जागाच त्या परंपरेत नव्हती, आणि म्हणून परकी लय देशी शब्दांखाली निमूटपणे नांदली. ती लय कोठून आली, हेही त्याचमुळे श्रोत्याला कळले नाही. नाव न देण्यातही लोप असतो. 'कोर्कोवादो'मधून डोंगर जसा गेला, तसेच हवाना आणि पोर्तो रिको येथून गेले.

नाव द्यावे तर परका शब्द चिठ्ठी होण्याचा धोका. न द्यावे तर ऋणाचा उल्लेखच राहून जाण्याचा. या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे. एका क्रियाविशेषणाने ती चालून दाखविली, एवढे निश्चित म्हणता येते.